काष्ठौषधींच्या दुकानातील ज्येष्ठमध : अखंड मुळी आणि तयार भरड

विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकासाठी पुण्यातील एका काष्ठौषधींच्या दुकानातून ज्येष्ठमध दोनदा घेतला. एकदा अखंड मुळ्या, एकदा तयार भरड. मुळ्या उत्तम निघाल्या. मोडल्यावर आतील भाग पिवळा व तंतुमय दिसला, चव गोड होती आणि बुरशीचा वास कोठेही नव्हता.

ज्येष्ठमधाच्या दाहशामक गुणाचे श्रेय मुख्यतः ग्लिसिरायझिन या सॅपोनिनला (पाण्यात साबणासारखा फेस देणाऱ्या वनस्पतिज द्रव्याला) दिले जाते, आणि ते वेगळे करणे तुलनेने सोपे आहे : कुटलेली मुळी सौम्य अमोनियाच्या पाण्यात भिजवून गाळावी आणि त्या द्रावणात आम्ल मिसळावे, म्हणजे ग्लिसिरायझिक आम्लाचा (ग्लिसिरायझिनच्या आम्लरूपाचा) तपकिरी साका तळाशी बसतो. आमच्या मुळ्यांपासून साका भरपूर मिळाला. तो आम्लात उकळल्यावर सुटलेले ग्लिसिरेटिनिक आम्ल टीएलसी पट्टीवर (मिश्रणातील घटक वेगळे करून दाखवणाऱ्या पातळ थराच्या पट्टीवर) २५४ नॅनोमीटरच्या प्रकाशात ठळक ठिपका देऊन गेले. (कॉर्टिसोल हे संप्रेरक निष्क्रिय करणाऱ्या विकराला रोखणारे ते हेच, म्हणूनच ज्येष्ठमधाच्या अतिसेवनाने रक्तदाब वाढू शकतो.)

भरडीने मात्र निराशा केली. तिच्यात माती इतकी होती की गाळणकागद तीनदा बदलावा लागला, आणि साका जेमतेम निम्मा मिळाला. पाकिटावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव नाही, माल कोठून आला याचीही नोंद नाही. दुकानदार सौजन्याने बोलतात, मुळी मोडून पाहू देतात; पण प्रयोगासाठी घ्यायची तर अखंड मुळीच घ्यावी आणि कुटण्याचे कष्ट स्वतः सोसावेत.