बारा बोर, ७० मिमी काडतुसं: साठवायला एकच निवडायचं तर हेच

शिकार आणि घराची राखण दोन्हीसाठी मिळून एकच काडतूस साठवायचं असेल तर माझं मत बारा बोरला (बोर म्हणजे शॉटगनच्या नळीचं माप, आकडा मोठा तशी नळी बारीक), ७० मिमीवालं. लोक आधी तीन-चार कॅलिबरच्या बंदुका घेतात मग प्रत्येकाची थोडी थोडी काडतुसं कपाटात पडून राहतात, आणि ऐन सीझनला पाहिजे तेच संपलेलं असतं.

बारा बोरचं भारी काय तर बंदूक तीच, काडतूस बदललं की काम बदलतं. साडेसात नंबरचा छर्रा साधारण २.४ मिमीचा, पाखरांसाठी एकदम बरोबर. डबल-ओ बकशॉटचा, म्हणजे जाड छर्र्याचा, दाणा ८.४ मिमीच्या आसपास आणि एका काडतुसात बहुतेक ९ दाणे. आणि स्लग म्हणजे साधारण २८ ग्रॅमचा एकच तुकडा, जवळच्या अंतरावर रानडुकरालाही पुरतो. लांबून मारायचं असेल तर मात्र रायफलच पाहिजे, तिथे .३०८ हे रायफलचं काडतूस घ्या, १९५२ पासून चालत आलंय आणि मिळायला सोपं.

घरासाठी बर्डशॉट (पाखरांचा बारीक छर्रा) पुरे असं बरेच जण सांगतात, मला ते अजिबात पटत नाही, बारीक दाणे खोल जात नाहीत त्यामुळे समोरचा थांबेलच याची खात्री नाही. बकशॉट थांबवतो, पण तो पातळ भिंतीतून आरपार जातो म्हणून पलीकडच्या खोलीत कोण झोपतं हे आधीच डोक्यात पक्कं पाहिजे. आणि शॉटगनला नेम धरावा लागत नाही ही थाप आहे हो, खोलीच्या अंतरावर दाणे जेमतेम तळहाताएवढे पसरतात. आपल्या बंदुकीतून कागदावर मारून बघा, प्रत्येक नळी एकाच काडतुसाला वेगळी पसरवते. हे न करता पेटी भरू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरात बारा आणि वीस बोर दोन्ही असतील तर काडतुसं चुकूनही एका पिशवीत नकोत. वीसचं काडतूस बारीक, ते बाराच्या चेंबरमधून (काडतूस बसतं त्या जागेतून) पुढे सरकून नळीत अडकतं, दिसत नाही, आणि मागून बाराचं भरून घोडा दाबला की नळी फुटते. वीसचं काडतूस पिवळं ठेवायची पद्धत त्यासाठीच पडली. जुन्या बंदुकीचं चेंबर ६५ मिमीचं असू शकतं हेही बघा, कारण ७० हा आकडा उडाल्यानंतर उघडलेल्या काडतुसाचा असतो, त्यामुळे न उडालेलं, तोंड मिटलेलं काडतूस ६५ मध्येही आरामात बसतं आणि उडताना तोंड उघडायला जागाच नसते, प्रेशर वाढतं.

साठवण सोपी आहे. थंड कोरडी जागा, रबरी गॅस्केटचा पत्र्याचा डबा, आत सिलिका जेल, कुलूप, आणि काडतुसं कंपनीच्या मूळ खोक्यातच, म्हणजे लॉट नंबर राहतो. खोक्यावर तारीख लिहा, जुनं आधी वापरा. तेलाचा स्प्रे काडतुसाजवळ नको, प्रायमरमध्ये (बुडाची ठिणगी पाडणारी टोपी) शिरलं तर बार फुसका जातो. ट्यूब मॅगझिनमध्ये (बंदुकीच्या नळीखालची काडतुसं भरायची नळी) महिनोन्‌महिने भरून ठेवली की प्लास्टिकची काडतुसं दबून बेढब होतात. लायसन्सवर किती ठेवता येतात ते बघूनच घ्या, त्याच्या वर एकही नको.

सरावाला सोबत .२२ एलआर ठेवा, छोटं आहे, धक्का नाहीच, फक्त रिमफायर (ठिणगीचा मसाला काडतुसाच्या कडेत) असल्याने अधूनमधून एखादं उडत नाही, म्हणून घराच्या राखणीला ते नको.

पाचपैकी चार स्टार. एक कापला कारण २५ काडतुसांचा खोकाच किलोभराच्या आसपास भरतो, जागाही खूप खातो, आणि जड लोड खांद्याला चांगलाच लागतो. धक्का झेपत नसेल तर २४ ग्रॅम छर्र्याचे हलके लोड मिळतात, सरावाला तेच घ्या.