पुण्यातल्या कर्वेनगरच्या प्राण्यांच्या दवाखान्याचा अनुभव, बोका पाळणाऱ्यांनी तर वाचाच

आमचा बोका गोट्या, वय 4, नसबंदीचं ऑपरेशन झालेला, पूर्णवेळ घरातच असतो. जूनमधल्या एका रविवारी सकाळपासून तो सारखा वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसत होता, जोर करत होता आणि बारीक आवाजात रडत होता. आईला वाटलं शी साफ होत नाहीये, मलाही तेच वाटलं, म्हणून घराजवळच्याच एका दवाखान्यात नेलं (नाव लिहीत नाही). तिथे पोटाला हातसुद्धा न लावता बद्धकोष्ठ आहे असं सांगून एक सिरप दिलं आणि दोन मिनिटांत आम्ही बाहेर. दुपारपर्यंत गोट्या पलंगाखाली जाऊन बसला, हाक मारली तरी मान वर करेना, एक उलटी झाली, तेव्हा मात्र माझे हातपाय गळाले. सोसायटीत भटक्या मांजरांना खायला घालणाऱ्या काकू आहेत, त्या म्हणाल्या अगं तू आत्ताच्या आत्ता कर्वेनगरला जा, रविवारी संध्याकाळी ते उघडे असतात.

तिथल्या डॉक्टर मॅडमचा पहिलाच प्रश्न, "ताई, शीचं राहू द्या, शू शेवटची कधी केली ह्याने?" मला सांगताच येईना. त्यांनी एका हाताने त्याला मानेमागे धरलं, दुसरा हात पोटाखाली घालून अगदी हळू चाचपलं आणि मग माझा हात धरून तिथे ठेवला. आत मोसंबीएवढं काहीतरी टणक लागलं. "ही लघवीची पिशवी. तुंबलीये पूर्ण."

बोक्याची लघवीची नळी टोकाकडे फार अरुंद असते, बारीक खडे किंवा चिकट गाळ तिथे अडकून बसतो हे मला त्या दिवशी कळलं. लघवी तुंबली की किडनीवर ताण येतो, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदयाचे ठोके मंदावतात, एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. घाबरलेल्या मांजराचे ठोके टेबलावर सहज 180 च्या पुढे असतात, गोट्याचे 120 भरले. मॅडमनी आधी सलाईन लावलं, हृदयासाठी कॅल्शियमचं इंजेक्शन हळूहळू दिलं, मग थोडी भूल देऊन बारीक नळी घातली, सलाईनने धुवत धुवत पुढे सरकवत राहिल्या, बराच वेळ काहीच होईना आणि मग एकदम कोकम सरबतासारखी लाल लघवी यायला लागली. मी तिथेच रडले. नळी दोन दिवस ठेवली, गोट्या तिथेच ॲडमिट, मी सकाळ-संध्याकाळ जाऊन बसायचे.

त्या बसण्यात भिंतीवरची सर्टिफिकेटं वाचून झाली आणि मॅडमशी बोलणंही झालं, म्हणून हा रिव्ह्यू जरा लांबतोय. मॅडम माण तालुक्यातल्या, घरी शेळ्या. बीव्हीएस्सी (जनावरांच्या डॉक्टरची पदवी) शिरवळच्या कॉलेजातून, म्हणजे साताऱ्याला जाताना हायवेवर लागतं ते, आणि नंतर सर्जरीत एमव्हीएस्सी (त्याच्या पुढची पदवी) मुंबईत परळच्या बॉम्बे व्हेटरनरी कॉलेजातून, जे 1886 पासून चालू आहे. मी म्हटलं मांजराचं एवढं पटकन कसं ओळखलंत, तर म्हणाल्या असली पहिली केस मी बोकडाची बघितली होती, इंटर्नशिपला. लहानपणीच खच्ची केलेल्या बोकडाची नळी बारीकच राहते, खडा अडकतो, बोकड पाय पसरून उभा राहून कण्हत असतो आणि मालक सांगतो पोट फुगलंय. तिथे नळीच्या टोकाला शेपटीसारखा बारीक भाग असतो, तो कापला की काही वेळा लगेच मोकळं होतं. "तेव्हापासून नर जनावर जोर करताना दिसलं की आधी लघवीचं विचारायचं, एवढं डोक्यात पक्कं बसलंय."

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपण कुत्र्या-मांजराचा डॉक्टर म्हणतो पण ही माणसं शिकताना गाय, म्हैस, शेळी, घोडा, कोंबडी सगळं शिकतात. आता प्रवेश नीट परीक्षेवरून होतो, कोर्स इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा आणि पुढे एमव्हीएस्सी करायचं तर अजून दोन वर्षं. एवढं शिकलेल्या माणसाला लोक वेटिंगमध्ये बसून "नुसतं बघायचे 500?" असं ऐकवतात, मी माझ्या कानांनी ऐकलंय आणि मला खूप वाईट वाटलं.

सकाळी एक वयस्कर सर बसतात, ते पशुधन विकास अधिकारी म्हणून रिटायर झालेत, अख्खी नोकरी तालुक्याच्या गावांत गाई-म्हशींची बाळंतपणं करण्यात गेली. एका आजोबांनी म्हातारा लॅब्राडोर आणला होता, तो कडेवर घेऊनच आत येत होते, तर सर म्हणाले, "खाली सोडा त्याला, चालत येऊ दे." दारापासून टेबलापर्यंत कुत्रा कसा पाय टाकतो हे बघून मगच हात लावला, आणि मागच्या उजव्या गुडघ्यावरच गेले थेट. असं बघणं गोठ्यात येत असणार, कारण तिथे जनावर टेबलावर येत नाही, आपणच त्याच्याकडे जायचं असतं.

अजून एक, दोघांचेही राज्य पशुवैद्यक परिषदेचे नोंदणी क्रमांक काउंटरच्या मागे लावलेत. कुठेही जा, हा नंबर बघा, नसेल तर विचारा. नुसता पशुवैद्यकीय डिप्लोमा केलेल्यांना नोंदणी असलेल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्राथमिक सेवाच देता येते, हे 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यातच आहे, तरी आपण पेट शॉपमध्ये इंजेक्शन टोचून घेतो. आणि घरातली क्रोसिन मांजराला कधीच देऊ नका, पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, आमच्या आईने त्या दिवशी अर्धी गोळी काढून ठेवली होती, नशीब दिली नाही.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत, खरंच नाही उचलत, सरळ जावं लागतं. कुत्री-मांजरं एकाच वेटिंगमध्ये, जागा लहान, त्यात पावसाळ्यात गोचीड तापाचे आणि पार्वोचे (कुत्र्यांमध्ये पटकन पसरणारा आजार) पेशंट इतके असतात की दीड तास लागतो. मॅडम पार्वोवाल्यांना गाडीतच थांबायला सांगतात हे बरं आहे. रात्रीची सोय नाही, गोट्याजवळ रात्री मदतनीस दादा होते पण नवीन पेशंट 9 नंतर घेत नाहीत. रक्ताचे काही रिपोर्ट बाहेरून येतात त्यात वेळ जातो. बिल तीन दिवसांचं 11,400 झालं, कशाचे किती ते कागदावर लिहून दिलं आणि मला एक रुपयाही जड वाटला नाही.

गोट्या आता ओलं खाणं खातो, घरात चार ठिकाणी पाण्याच्या वाट्या ठेवल्यात आणि ट्रेमध्ये शूचे गोळे किती आणि केवढे हे मी रोज बघते. मॅडम संध्याकाळी 5 ते 9, सर सकाळी. बोका नेणार असाल तर बास्केटमध्येच न्या आणि वरून टॉवेल टाका, शेजारी कुत्रे बसलेले असतात.