रोजा आत्ता ठेवायचा की नंतर कजा करायचा (म्हणजे सुटलेला रोजा पुढे भरून काढायचा)? अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी
बाळ ६ महिन्यांच्या आतलं असेल आणि फक्त अंगावरच पीत असेल तर मी सरळ सांगते, रोजे नंतर ठेवा, आईला किंवा बाळाला त्रास होईल अशी भीती असेल तर इस्लाममध्ये सूट आहेच, पुढे कजा करता येते (फिदिया, म्हणजे रोज्याच्या बदल्यात गरिबाला जेवण देणं, त्याचं आपल्या आलिमांना म्हणजे धर्माच्या जाणकारांना विचारा). बाळ वर्षाचं झालंय, वरचं खातंय, तर आत्ता ठेवून बघायला हरकत नाही. एका रोज्याने दूध आटत नाही, पण पाणी कमी पडलं की आईलाच गरगरतं, म्हणून इफ्तारपासून सहरीपर्यंत थोडं थोडं पाणी पीत राहा. आणि लंगोट मोजा खरंच, तान्ह्याचे २४ तासांत ६ पेक्षा कमी ओले झाले, बाळ मलूल वाटलं किंवा तुमची लघवी गडद झाली तर रोजा तिथेच सोडा आणि डॉक्टरांना दाखवा.