चौकट, पट्टी, दोर की जाळी? जंगलातला पाचोळा आणि त्यातला कार्बन मोजताना

नागपूरहून तास-दोन तासांत सागाच्या जंगलात पोचता येतं. पण पाचोळा मोजायच्या पद्धती वाचायला घेतल्या, की त्यांतल्या बऱ्याचशा पाइनच्या जंगलात घडलेल्या निघतात. पाइनच्या सुया एकमेकींत अडकून गादीसारख्या बसतात. सागाचं पान हातभर लांब असतं, वाळलं की द्रोणासारखं वळतं आणि पोटाखाली पोकळी धरून बसतं. त्यामुळे तिकडची पद्धत इकडे जशीच्या तशी आणली की आकडा चुकतो. प्रकल्प एम.एस्सी.चा असो, गावाच्या सामूहिक वनहक्काच्या जंगलाचा आराखडा असो की उत्तराखंडातल्या चिर पाइनमध्ये जाऊन करायचं काम असो, आधी एकच गोष्ट ठरवा: आज जमिनीवर किती पाचोळा पडून आहे हे हवंय, की वर्षभरात किती पडतो हे हवंय? पहिला साठा, दुसरी पानगळ. या दोन आकड्यांची गल्लत सगळ्यात जास्त होते.

साठ्यासाठी चौकट सगळ्यात भरवशाची: ती जमिनीवर ठेवून आतला सगळा पाला गोळा करायचा आणि तोलायचा. सळईची चौकट, छाटणीची कात्री, धारदार सुरी, कागदी पिशव्या आणि १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, एवढ्यावर काम होतं. चौकट आधी आखलेल्या अंतरावरच ठेवायची. ‘इथे बरा पाला दिसतोय’ म्हणून जागा निवडली की नमुना वाया गेला. कडेवर आलेलं पान आत ओढायचं नाही, बाहेरही सारायचं नाही. चौकटीच्या कडेने कापायचं. सागात ही बाब फार महत्त्वाची आहे. ५० सेंमीच्या चौकटीत कडेवरची चार-पाच पानं अख्खी धरली तरी वजन सहज फुगतं, म्हणून सागासाठी १ × १ मीटरचीच चौकट घ्या. पाइनला ५० × ५० सेंमी पुरते, पण तिथे कडेला आधी सुरी फिरवावी लागते. न कापता उचललं तर शेजारची गादीही सोबत येते.

पाइनमध्ये थर तीन: वर ताज्या सुया, मध्ये तुटलेल्या आणि अर्धवट कुजलेल्या, तळाशी मूळ रूप न ओळखू येणारा काळपट भुसा. तिन्हींच्या पिशव्या वेगळ्या ठेवा, कारण तळच्या भुशात मातीची भेसळ होते आणि एकत्र केलं की ती अख्ख्या नमुन्यात पसरते. थांबायचं कुठे? चिमटीत चोळून बघा. खरखरीत कण लागले की माती सुरू झाली. आपल्याकडच्या सागाखाली हा तळचा थर बहुतेक ठिकाणी नसतोच, कारण पावसाळ्यात वाळवी आणि बुरशी बराच पाला फस्त करतात. इथली अडचण वेगळी आहे: काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पानांचे तुकडे त्यांत उतरतात. भेगेतला चुरा उकरून घेऊ नका. तो मातीच्या कार्बनमध्ये धरा आणि हा नियम सगळ्या चौकटींना सारखा लावा.

वजन जागेवरच करा. समजा, १ चौरस मीटरमधून ७८० ग्रॅम पाला निघाला. सगळा नीट कालवून त्यातला १५० ग्रॅमचा उपनमुना घेतला. ६५ ते ७० अंशांवर ४८ तास ओव्हनमध्ये ठेवल्यावर तो १२० ग्रॅम भरला, म्हणजे कोरडा भाग ०.८. एकूण कोरडं वजन ६२४ ग्रॅम. ग्रॅम प्रति चौरस मीटरला १०० ने भागलं की हेक्टरी टन मिळतात: ६.२४. लागोपाठ दोन वजनं सारखी आली तरच नमुना वाळला असं समजा. उन्हात कडकडीत वाळलेल्या पानातही ओल उरते, त्यामुळे नागपूरचं मे महिन्याचं ऊन ओव्हनची जागा घेऊ शकत नाही. पाइनच्या सुया १०५ अंशांवर वाळवू नका. त्यांतली राळेची उडणारी द्रव्यंही निघून जातात आणि ती घट पाण्याची समजली जाते.

दुसरा पर्याय खोलीचा, म्हणजे पट्टी खुपसून थराची जाडी मोजायची आणि घनतेने गुणायचं. घनता ३० किलो प्रति घनमीटर आणि जाडी ४ सेंमी असेल तर १.२ किलो प्रति चौरस मीटर, म्हणजे हेक्टरी १२ टन. एका दिवसात शेकडो टोचे होतात आणि काहीच कापावं-उचलावं लागत नाही, म्हणून पाइनमध्ये ही पद्धत खरोखर उपयोगी आहे. मात्र घनता त्याच जंगलातल्या १५-२० चौकटींतून काढलेली हवी. सागात ही वापरू नका. आज १० सेंमी उंच दिसणारा वळलेला पाला एका पावसानंतर अर्ध्यावर दबतो आणि वजन तेवढंच राहतं.

तिसरी रेषेची, म्हणजे जमिनीवर दोर ताणून मोजायची पद्धत. ती पानांसाठी नाही, पडलेल्या लाकडासाठी आहे. १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये तोडीनंतर उरलेलं लाकूड मोजायला ती वापरली गेली. १९६८ मध्ये व्हॅन वॅगनर या वणव्याच्या अभ्यासकाने सूत्र दिलं: रेषा जिथे जिथे लाकडाला छेदते तिथला व्यास सेंमीत मोजा, वर्ग करून बेरीज करा, तिला ९.८७ ने गुणा आणि रेषेच्या मीटरमधल्या लांबीच्या आठपटीने भागा. उत्तर हेक्टरी घनमीटरमध्ये येतं. दोर ताणलेला हवा. वाकडी फांदी दोनदा छेदली तर दोनदा मोजायची. पाइन उतारावर असतो, त्यामुळे ३० अंशांच्या उतारावर २० मीटरचा दोर आडव्या अंतरात १७.३ मीटरच धरायचा. आपल्याकडे उतार कमी, पण बांबू जास्त. पोकळ बांबू भरीव लाकूड म्हणून मोजला तर घनफळ फुगतं; त्याची नोंद वेगळी ठेवा. घनफळावरून वजन काढायला घनता लागते. त्यासाठी कोयता मारून पाहा: पातं उसळलं तर लाकूड ठणक, थोडं रुतलं तर मधलं, भुसभुशीत तुटलं तर कुजकं. तिन्हींचे तुकडे वाळवून घनता काढा.

इथे एक मेख आहे. पाचोळा कुठे संपतो आणि मेलेलं लाकूड कुठे सुरू होतं, याची सीमा सगळीकडे एक नाही. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीच्या) मार्गदर्शिकेत लाकडासाठी १० सेंमी व्यास धरतात, वणव्याच्या अभ्यासात ७.६ सेंमी, तर भारतीय वन सर्वेक्षणाच्या कार्बन पाहणीत ५ × ५ मीटरच्या तुकड्यात ५ सेंमीच्या वरचं लाकूड आणि ३ × ३ मध्ये त्याखालचं, अशी विभागणी होती. त्या संस्थेचं विभागीय कार्यालय नागपुरातच आहे. तुमचे आकडे त्यांच्याशी ताडून पाहायचे असतील तर ५ सेंमीची सीमा घ्या. सीमा नंतर बदलता येत नाही, कारण पिशवीत सगळं एकत्र गेलेलं असतं.

पानगळीसाठी मात्र जाळीचा सापळाच. १ चौरस मीटरचा, जमिनीपासून हातभर उंच, पाणी निथळेल अशा नायलॉन जाळीचा. दर १५ दिवसांनी रिकामा करायचा. पाव चौरस मीटरच्या सापळ्यावर सागाचं पान अर्धं लटकतं आणि वाऱ्याने जातं. वर्ष लागतं, माकडं जाळी फाडतात, तरी त्याला पर्याय नाही. पानगळीला साठ्याने भागलं की कुजण्याचा वेग मिळतो, त्यासाठी सापळा आणि चौकट दोन्ही लागतात.

कार्बन काढताना पैसे नसतील तर आयपीसीसीचा पाचोळ्यासाठीचा ०.३७ हा गुणक चालतो: ६.२४ टनांत २.३१ टन कार्बन, ४४/१२ ने (कार्बन डायऑक्साइड आणि कार्बनच्या वजनांच्या गुणोत्तराने) गुणलं तर ८.४७ टन कार्बन डायऑक्साइड. लाकडाचा ०.४७ पाचोळ्याला लावू नका. प्रयोगशाळेत द्यायचं असेल तर सीएचएन (कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन मोजणारं) यंत्र घ्या, मातीसाठीची वॉकली-ब्लॅक पद्धत नको; तिच्यात सगळा कार्बन ऑक्सिडाइज होत नाही. पानाला चुनखडीची माती चिकटली असेल तर यंत्र त्यातलाही कार्बन मोजतं. म्हणून आधी ब्रशने झाडा आणि थोडा भाग मफल भट्टीत ५५० अंशांवर ४ तास जाळून राख बघा. राख फार निघाली की मातीची भेसळ समजायची.

किती चौकटी? वजनांचा विचलन गुणांक (सरासरीच्या तुलनेत वजनं किती इकडेतिकडे होतात ते) ५० टक्के असेल आणि ±२० टक्के चूक चालणार असेल तर २५. ±१० टक्के हवी असेल तर १००. हाताशी एकच हंगाम असेल तर सागात २५ चौकटी आणि लाकडासाठी दोर, एवढंच घ्या. पाइनमध्ये २० चौकटी आणि त्यांच्यामधल्या जागेत खोलीचे टोचे घ्या.

सागाची पानगळ आटोपते तेव्हाच वणव्याचा हंगाम सुरू झालेला असतो, शिवाय मोहफूल वेचायला झाडाखालचा पाला जाळतात. परवानगीचा अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात डिसेंबरातच द्या, मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात चौकटी उरका, आणि मोहाखाली पडलेली चौकट गाळू नका. तिच्यापुढे ‘जळालेली’ असं लिहून वजन जे येईल ते नोंदवा, शून्य आलं तरी.