२०० लिटर पिंपाची गाळटाकी: आठ महिने वापरल्यावर

तिलापिया माशांच्या १०,००० लिटर ताडपत्री टाकीला जोडलेली, माशांची घाण तळाला बसवून काढणारी ही गाळटाकी ठेवण्यासारखी आहे, फक्त पंप पिंपाच्या पुढे हवा, आधी नको. तिलापियाची विष्ठा पातळ आवरणातल्या दोऱ्यासारखी असते. अख्खी आली तर बघता बघता तळाला जाते. पंपाच्या पात्यातून गेली की तिचा लगदा होतो आणि मग तो बसतच नाही. म्हणून टाकीच्या तळातून पिंपात पाणी उतारानेच यावं आणि परतीचं पाणी पंपाने उचलावं.

आत मधोमध ८ इंची पाइपचा तुकडा टांगायचा, तळापासून दीड फूट वर. पाणी त्यात सुटतं, खाली वळतं आणि कडेने संथ वर चढतं. मिनिटाला २० लिटर सोडलं तर ते पिंपात १० मिनिटं राहतं. ४० केलं की तपकिरी धागे काठावरून वाहून जाताना स्पष्ट दिसतात.

पिंपाचा सपाट तळ हा मोठा दोष. गाळ कोपऱ्यात चिकटतो, तोटी उघडली तरी मधलंच पाणी जातं. सिमेंटचा उतार केल्यावर हे थांबलं. मात्र नवं सिमेंट पाण्याचा सामू (पीएच) चढवतं. पिंप भरून ठेवायचं, पाणी बदलत राहायचं आणि सामू स्थिरावल्यावरच जोडायचं.

तोटी सकाळ-संध्याकाळ उघडावीच लागते. एक दिवस चुकला की गाळ काळा पडतो, सडक्या अंड्याचा वास येतो, बुडबुड्यांबरोबर ढेकळं वर तरंगतात आणि त्यातला अमोनिया पुन्हा टाकीत जातो.

दिवसाला २ किलो खाद्य दिलं तर साधारण अर्धा किलो घाण (कोरडं वजन) तयार होते. शिवाय ३२ टक्के प्रथिनांच्या खाद्यातून जवळपास ६० ग्रॅम अमोनिया पाण्यात विरघळतो. पिंप तो पकडत नाही, बारीक कणही नाही. अमोनियासाठी वेगळा जैविक फिल्टर, म्हणजे जिवाणूंवर चालणारा फिल्टर, लागतोच.

काढलेला गाळ ओढ्यात सोडू नये. खाली खडी, वर ४ इंच वाळू अशा वाफ्यात ३ इंचांहून जाड थर न देता वाळवावा. पावसाळ्यात वर छप्पर हवंच, नाहीतर सगळं वाहून जातं. वाळलेली खपली पावड्याने उचलली की खत म्हणून चालते. नत्र-स्फुरद बरं असतं, पालाश कमी, तो वेगळा द्यावा. टाकीत मीठ घातलं असेल तर हा गाळ घेवड्याला अजिबात नको. नारळ मीठ बऱ्यापैकी सोसतो.