सरपणाचा ओलावा मोजणारं मीटर: चूलवाल्यांनी घ्यावं का?

मनोरीला आमची छोटी खानावळ आहे. शनिवार-रविवारी मटण, तांदळाच्या भाकऱ्या, सगळं चुलीवर. सरपण भाईंदरकडून टेम्पोने येतं, वजनावर. हे दोन पिनांचं मीटर मी ऑनलाइन मागवलं ते त्या वजनापायीच. ओलं लाकूड किलोने घ्यायचं म्हणजे पाण्याचे पैसे मोजायचे, वर ते पाणी आपल्याच चुलीत आटवत बसायचं.

हिशोब बघा. पूर्ण सुक्या लाकडात किलोमागे साधारण १८ मेगाज्यूल उष्णता असते. वजनात २० टक्के पाणी असलं की हाती १४ च्या आसपास लागते. ताज्या तोडीचं, निम्मं पाणी असलेलं लाकूड जेमतेम ८ देतं. त्यात जाळ थंड पडतो, लाकडातून निघणारा वायू न जळताच धूर होऊन जातो, आणि टोपाचं बूड घासून घासून हात दुखतात.

मीटर वापरायला सोपं आहे, पण सालीवर किंवा टोकाला टोचलंत तर ते फसवणारच. ओंडका फोडायचा आणि ताज्या फोडीच्या मधोमध, रेषांच्या दिशेने पिना रुतवायच्या. मागच्या खेपेच्या बाभळीला बाहेरून १७ आलं, फोडल्यावर ३४. टेम्पोवाला म्हणाला, "ताई, मशीन बिघडलंय तुमचं." मी तीच फोड चुलीत सारली. दुसऱ्या टोकाला फेस आला, चर्रचर्र सुरू झालं. पुढे भावावर फार बोलणं झालं नाही.

आता खोट. ३० च्या वरचा आकडा नेमका नसतो, त्यामुळे माझं ते ३४ म्हणजे नुसतं 'ओलं' समजायचं. शिवाय मीटर पाणी मोजतं ते सुक्या लाकडाच्या वजनावर. त्याचं २५ म्हणजे एकूण वजनातले २० टक्के. माहितीपत्रकात याचा उल्लेखच नाही! आणि पावसाळ्यात छपराखाली कितीही नीट रचा, आमच्या खाऱ्या दमट हवेत आकडा १६-१८ च्या खाली उतरायचा नाही. तो दोष मीटरचा नव्हे. तेवढ्यावर चूल छान पेटते.

नऊशेच्या आसपास पडलं, दोन खेपांत वसूल. फक्त पिना मऊ आहेत, बाभळीत एक वाकली. जादा पिना सोबत देतात का, ते विचारूनच घ्या.