टेक्स्ट एडिटर बनवायला शिकताय? पायथॉनचं टीकिंटर की सी शार्पचं विनफॉर्म्स? दोन्ही खिडक्या-बटणांचे प्रोग्राम बनवायची साधनं.

लिहिणं, फाइल उघडणं आणि सेव्ह करणं, इथपर्यंत टीकिंटर सरस. टेक्स्ट विजेट (लिहायची चौकट) आणि फाइल डायलॉग (फाइल निवडायची खिडकी) जोडले की १५-२० ओळींत एडिटर चालू. फक्त विंडोजवर फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ आहे असं कोडमध्ये स्पष्ट लिहा, नाहीतर मराठी मजकुरावर एरर येऊ शकतो. विनफॉर्म्समध्ये ही कटकट सहसा नसते.

प्रिंटिंगला मात्र पारडं फिरतं. टीकिंटरमध्ये मजकूर छापायची सोयच नाही. फाइल छापायला विंडोजच्या हवाली करून मोकळं व्हायचं. विनफॉर्म्सचं प्रिंटडॉक्युमेंट दर पानाला प्रिंटपेज इव्हेंट देतं, म्हणजे ‘हे पान काढा’ असा इशारा. पानावर मावतील तेवढ्या ओळी आपणच मोजून काढायच्या आणि मजकूर उरला तर हॅजमोअरपेजेस (अजून पानं आहेत का, ते सांगणारी खूण) ट्रू करायचं. ते राहिलं, तर छपाई पहिल्याच पानावर थांबते. किचकट आहे, पण शिकायला मिळतं ते इथेच. विनफॉर्म्स फक्त विंडोजवर चालतं, त्यामुळे मॅक किंवा लिनक्स वापरत असाल तर प्रश्नच मिटला: टीकिंटर.